भिवराचं विरजण

या, शिरा पांघरुणात. निषाद, त्या बॅगेवरून उतर, तुझ्या बाबानं ती तीनदा वजन करून बंद केली आहे. रेवा, पंखा जरा बारीक कर. हं, आता ठीक. परवा तुमचं विमान. म्हणून आजची गोष्ट दूर देशी जाणाऱ्यांचीच सांगते. मध्ये कुणी बोलायचं नाही. झोप आली तर खुशाल झोपायचं.

एकदा काय झालं, एका गावात एक पाणाड्या राहायचा. राजा आहे गोष्टीत, पण तो मागून येतो. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो माळावरून चालायचा. जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं थांबायचा आणि म्हणायचा, "इथं खणा." खणलं की पाणी. त्याचं नाव लिंबाजी. त्याच्या बायकोचं नाव भिवरा. आणि गोष्ट तिची आहे, बरं का.

भिवराचं सासर आणि माहेर एकाच गावात. मध्ये एक चिंचेचं झाड, एवढंच अंतर. तिकडून आईनं हाक मारायची, इकडून हिनं ओ द्यायची. दिवसातून दहा हाका. मीठ आहे का, आभाळ आलंय, वाळवण आत घे. सांगण्यासारखं काही नसलं तर नुसतंच "भिवरेऽ". लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आईची हाक कानावर आली नाही असा एक दिवस गेला नव्हता. असं सुख फार कमी जणींच्या वाट्याला येतं. आणि येतं तेव्हा त्याला सुख म्हणतात हे कळत नाही.

मग आला सांगावा. सात डोंगरांपलीकडे एक थंड देश होता. तिथल्या राजाकडे सगळं होतं, फक्त विहीर नव्हती. लोक सहा महिने बर्फ वितळवून प्यायचे आणि सहा महिने चार कोस चालून नदीवर जायचे. राजाच्या कानावर लिंबाजीचं नाव गेलं. त्यानं निरोप धाडला, की या, दहा वर्षं राहा, आम्हाला विहिरी सांगा. घर देतो, शेत देतो, दूधदुभतं देतो.

लिंबाजी हरखला. इकडच्या माळावर आता सांगण्यासारखी विहीर उरलीच नव्हती. अर्ध्या त्याच्या बापानं सांगितल्या, अर्ध्या त्यानं. नवी जमीन नसली की पाणाड्याचा नारळ नुसता खायचा नारळ होतो. नवरा आतून वाळत चाललाय हे भिवराला दिसत होतं. ती हो म्हणाली. चुलीपुढं बसून धुराच्या नावाखाली पोटभर रडली, पण हो म्हणाली.

आता गावातलं माणूस लांब निघालं की काय होतं? सल्ले येतात. सल्ल्याला बैल लागत नाही, वैरण लागत नाही, जो तो घेऊन येतो. तुमच्या आईचा फोन बघा ना, आठ दिवस तापलेला आहे.

पहिले आले चुलते. त्यांनी जन्मात गावची शीव ओलांडली नव्हती. ते म्हणाले, "तांदूळ इथनंच न्या. तिकडे पिकत नाही." झालं, एक पोतं गाडीवर चढलं. मग आले एक गृहस्थ. ते परमुलखात आठ दिवस राहून पळून आले होते. ते म्हणाले, "तिकडे कुणाशी फार बोलू नका. गोड बोलतात नि घरात शिरतात." मग आली लिंबाजीची आत्या. ही आत्या म्हणजे गावाचं पंचांग, तिला विचारल्याशिवाय कुणी नवी केरसुणीही आणायचं नाही. ती म्हणाली, "सूनबाई, एवढं ध्यानात ठेव. दिवेलागण झाली की तीन वस्तू उंबऱ्याबाहेर द्यायच्या नाहीत. मीठ, विस्तव आणि विरजण. कुणी का मागेना. दिलंस की घरची लक्ष्मी गेली म्हणून समज."

हे भिवराला नवीन नव्हतं. अख्खा गाव ते पाळायचा. ज्याला हवं तो उजेडी येऊन मागून न्यायचा. पण परमुलखी निघालं की नेहमीच्या गोष्टीही माणूस घट्ट धरतो. भिवरानं पदराला गाठ मारली.

आईनं मात्र काही शिकवलं नाही. तिनं एक स्वच्छ सुती चिंधी घेतली, घरच्या दह्यात चांगली बुडवली, सावलीत वाळवली. पुन्हा बुडवली, पुन्हा वाळवली. असं तीनदा केलं. मग तिची घडी करून लेकीच्या हातात दिली. म्हणाली, "गरम दुधात टाक, दही लागेल. रोज लाव आणि रोज खा."

गाडी निघाली. आई चिंचेखाली उभी राहिली आणि तिनं हाक मारली. भिवरानं ओ दिली. गाडी ओढ्यापाशी गेली, आईनं पुन्हा हाक मारली. भिवरानं पुन्हा ओ दिली. गाडी खिंडीत वळली, तेव्हा वाऱ्यावर तिसरी हाक आली. पण या वेळी भिवराला ओ देता आली नाही.

मग एक डोंगर गेला, दुसरा गेला, असे सातही गेले. थंड देश आला. राजानं लाकडाचं घर दिलं, दोन केसाळ गाई दिल्या. गाई अशा, की तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते धार काढेपर्यंत कळू नये. लिंबाजी दुसऱ्याच दिवशी नारळ घेऊन रानात गेला. भिवरानं दूध तापवलं, कोमट केलं, चिंधी टाकली, झाकून ठेवलं.

सकाळी तिनं गाडग्यावरचं झाकण काढलं. दही छान लागलं होतं, वर एक सुरकुती नाही. ती वाकली. आणि दह्यात तिला आई दिसली.

घाबरू नका. यात भुताखेताचं काही नाही. विरजणाची ही जादू जुनी आहे. एकाच विरजणाची दोन गाडगी लांब लांब असली, आणि दोन्हीकडच्या बायका एकाच वेळी वाकून पाहू लागल्या, तर हिला ती दिसते आणि तिला ही दिसते. आवाज येत नाही, नुसतं दिसतं. सगळ्याच विरजणांत असतं हे, बरं का. पण सकाळी सगळ्या घाईत. झाकण काढलं, डाव घातला, दही मोडलं. मोडलं की संपलं. आणि हल्ली तर काय, दही पिशवीतनं येतं.

आई पलीकडून वाकून पाहत होती. तिच्यामागे चूल, फळी, फळीवरचा तांब्या. तिनं लेकीला पाहिलं आणि हसली. भिवराही हसली. मग दोघी रडल्या. मग आईनं डाव उचलला आणि तोंडाशी नेऊन खूण केली, की आता मोड नि खा. पण मोडलं की आई जाणार. भिवरानं मोडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही मोडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार चार दिवस तेच गाडगं तसंच ठेवायची. सकाळी आई आली की डोळे भरून बघायची. आई रोज डावानं खूण करायची, खा, खा. मग आई आपलं दही मोडायची आणि दिसेनाशी व्हायची. भिवरा मात्र दुपारपर्यंत त्या पांढऱ्या दह्याकडे बघत बसायची, की चुकून पुन्हा येईल. चौथ्या दिवशी आंबट दह्यातलं कडेचं चमचाभर काढून नवं विरजण लावायचं, उरलेलं गाईंपुढं. लिंबाजी रोज संध्याकाळी थकून यायचा नि विचारायचा, "दही आहे का गं?" ती म्हणायची, "उद्या." घरात दोन गाई, आणि पाणाड्या कोरडा भात खायचा. तो गरीब बिचारा, कारण माहीत होतं म्हणून बोलला नाही.

आता त्या देशाची एक रीत ऐका. तिथं दिवसा गावात चिटपाखरू नसायचं. बाया, पुरुष, सगळे लांब कुरणांवर. अंधार पडता पडता घरी यायचे, दिवा लावायचे, आणि मग शेजारीपाजारी जायचे. भेटायची वेळ तीच.

एका संध्याकाळी दार वाजलं. दारात शेजारची म्हातारी. तिचं नाव ओल्मा. लोकरीची टोपी, लाल नाक, हातात वाटी. ती म्हणाली, "पोरी, चिमूटभर मीठ देतेस?" एवढ्या दिवसांत भिवराला तिथली बोली थोडी थोडी कळायला लागली होती. तिनं बाहेर पाहिलं. दिवे लागले होते. घरात बरणीभर मीठ होतं, पण ती मान हलवून नाही म्हणाली. ओल्मा रिकामी वाटी घेऊन परत गेली.

थोड्या दिवसांनी ओल्मा पुन्हा आली. पुन्हा दिवेलागणीलाच. "पोरी, चुलीतला विस्तव देतेस थोडा?" चूल तर धडधडत होती, दारातून दिसत होती. भिवरा म्हणाली, "उद्या सकाळी या ना." ओल्मा निघून गेली.

मग तिसऱ्यांदा आली. या वेळी तिच्यामागे आणखी दोघी होत्या. "पोरी, चमचाभर विरजण?" भिवराला वाटलं, या बाईनं माझ्या आत्याशी पैज लावली आहे की काय. आणि विरजण म्हणजे तर तिची आई. तिनं दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून उभी राहिली. आपण वाईट वागलो हे तिला कळत होतं. पण आत्याचं ऐकलं, घरची लक्ष्मी राखली, असं तिनं मनाला सांगितलं. त्यानंतर ते दार कुणी वाजवलं नाही.

मग बर्फ आला. असा आला, की एका सकाळी दार उघडेना. डोंगराकडची खिडकी उघडी राहिली होती, तिच्यातून वारा आत घुसला. सरपण भिजलं, चूल विझली. आणि फळीवरचं गाडगं दगडासारखं गोठलं. ते आधीच चार दिवसांचं, आंबून अशक्त झालेलं. भिवरानं ते पोटाशी धरून वितळवलं. दूध कोमट करून त्यातलं विरजण घातलं. दूध ते दूधच राहिलं. विरजण मेलं होतं. चिंधी तर तिनं पहिल्याच आठवड्यात धुऊन टाकली होती.

आई आता दिसणार नाही, हे दुःख तर होतंच. पण त्याहून मोठं दुःख तिला मागून कळलं. आई तिकडे रोज झाकण काढून वाकणार. रोज दिसणारी लेक आज दिसली नाही. उद्या नाही, परवा नाही. आई काय समजेल? सात डोंगरांपलीकडे गेलेली लेक एकाएकी दिसेनाशी झाली, तर कुठल्याही आईच्या मनात जे येतं तेच येईल. आणि मग ती म्हातारी घास गिळेल का?

मग भिवरानं तीन उपाय केले. लाल मिरचीची देठं दुधात टाकली. दही कसंबसं लागलं, पण त्या दह्याला ना आजी ना पणजी, त्यात कोण दिसणार? मग चिंच पिळली. दूध फाटलं. मग लिंबाजी म्हणाला, "मीच जाऊन येतो." कमरेला भाकरी बांधून निघाला. तिसऱ्या दिवशी परत आला, पाय निळे पडलेले. खिंड बंद होती. बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे आणखी पाच महिने, तिकडून मुंगीसुद्धा जाणार नव्हती.

तो शेकोटीपाशी पाय धरून बसला. म्हणाला, "भिवरे, मी जमिनीखालचं पाणी सांगतो, पण तुझ्या डोळ्यातलं मला आटवता येत नाही." आणि तोही रडला.

मग भिवरा उठली. तिनं रिकामी वाटी घेतली. बाहेर दिवे लागत होते. जन्मभर जे केलं नाही ते ती करायला निघाली होती, दिवेलागणीला दुसऱ्याच्या दारात विरजण मागायला. आणि तेही जिला तीनदा रिकामी पाठवली तिच्या दारात. अर्ध्या वाटेतून दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा मात्र दार वाजवलं.

ओल्मानं दार उघडलं. भिवरा खाली बघून म्हणाली, "मावशी, विरजण द्याल का चमचाभर?"

ओल्माचं तोंड असं फुललं, की विचारू नका. तिनं भिवराला हाताला धरून आत ओढलं, चुलीपाशी बसवलं, बर्फानं भिजलेले तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. म्हणाली, "मागितलंस एकदाचं."

भिवराला कळेना. मग ओल्मानं सांगितलं. त्यांच्याकडे कुणाला मदत करायची, तर सरळ जाऊन करायची नसते. त्यानं माणूस लाजतं. आधी त्याच्याकडे काहीतरी बारीकसं मागायचं. मीठ माग, विस्तव माग. त्यानं दिलं की तो देणारा झाला, मोठा झाला. मग त्याला खुशाल सांगावं, शिकवावं, हवं ते द्यावं. "मी मीठ मागायला आले ती सांगायला, की सरपण घरात घे. विस्तव मागायला आले ती सांगायला, की डोंगराकडची खिडकी लोकरीनं बुजव. विरजण मागायला आले ती सांगायला, की गाडगं चुलीशेजारी राखेत पुरून ठेव, गोठेल. तू दिलं नाहीस, तर मी सांगू कशी?"

भिवरानं कपाळाला हात लावला. मग तिनं आत्याची गोष्ट सांगितली. तीन वस्तू, दिवेलागण, घरची लक्ष्मी. ओल्मा हसता हसता खोकायला लागली. इकडे ती शहाणी, तिकडे ही शहाणी. दोघी आपापल्या घरची रीत पाळत होत्या, आणि मध्ये बिचारं एक विरजण मेलं.

मग भिवरानं आईचं सांगितलं. ओल्माचं हसू थांबलं. ती म्हणाली, "माझ्या विरजणात तुझी आई नाही दिसायची, पोरी. माझ्यात माझी बहीण दिसते. सुवी. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन समुद्रावरच्या बंदरात गेली. आम्ही रोज बघतो. खुणांनी सगळं बोलतो, भांडतोसुद्धा. उद्या सकाळी ये."

सकाळी भिवरा गेली. गाडगं राखेतून काढलं, दोघी वाकल्या. दह्यात सुवी आली, ओल्मासारखीच, जरा जाड. ओल्मानं बोटांनी, भुवयांनी, गालांनी सगळी हकीकत सांगितली. सुवीनं डोळे पुसले, विचार केला आणि निघून गेली.

तिनं सारं बंदर पालथं घातलं. विहिरींच्या देशातलं विरजण कुणाच्या घरी आहे का, म्हणून दारोदार विचारलं. चौथ्या दिवशी ती दह्यात आली ती एका बाईला घेऊन. भिवरा बघते तर काय, नाकात ही मोठी नथ, कपाळावर गोंदलेलं. ती तर मीठवाली होती. दरवर्षी उन्हाळ्यात बैलांवर मीठ लादून भिवराच्या गावात यायची, तिच्या आईच्या ओसरीवर टेकायची, आणि जाताना आईच्या हातचं विरजण न्यायची. थंडीत तिचा मुक्काम बंदरात. तिच्या चुलीपाशी भिवराच्या आईचं विरजण जितंजागतं होतं.

मग ठरलं. मीठवालीनं सकाळी आपल्या गाडग्यात वाकायचं, आई दिसली की निरोप द्यायचा. पण कुठला निरोप? लेक बरी आहे असं खुणेनं सांगितलं, तर आईचा विश्वास बसेल? लोक बरंच सांगतात. मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा बरं आहे, बरं आहे म्हणतात.

आता एक तुम्हाला सांगायचं राहिलं. भिवराची दहीभात खायची तऱ्हा वेगळी होती. ती भाताच्या मध्ये बोटानं खोल खड्डा करायची, त्यात दही ओतायची, वरून भातानं बुजवायची आणि कडेकडेनं खात यायची. मधला दह्याचा घास शेवटी. लहानपणी आई ओरडायची, "जेवतेस की विहीर खणतेस?" नवरा पाणाड्या मिळाला तेव्हा गाव हसलं होतं. जगात अशी जेवणारी एकच.

तर भिवरानं चुलत्यांच्या पोत्यातला तांदूळ शिजवला. ओल्माच्या गाडग्यापुढं ताट घेऊन बसली आणि तशी जेवली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. सुवीनं नीट पाहून घेतलं. ती मीठवालीच्या घरी जाऊन तशी जेवली. मीठवालीनं पाहून घेतलं. मग ती ताट घेऊन आपल्या गाडग्यापुढं बसली.

पहिल्या दिवशी दह्यात कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. इकडे भिवरा ओल्माच्या चुलीपाशी बसून नखं कुरतडत होती. आईनं झाकण काढणंच सोडलं असेल तर? खरंच सोडलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिसऱ्या दिवशी तिला दोन घास भरवायला आत्या आली, हो, तीच आत्या, आणि तिनं गाडगं उघडलं. दह्यात मीठवाली. आत्या अशी किंचाळली, की आई अंथरुणातून उठून आली. हे सगळं भिवराला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आईनं वाकून पाहिलं. नथवाली बाई भातात खड्डा करत होती. दही ओतत होती. भातानं बुजवत होती. कडेनं खात होती. आईनं गाडग्याच्या दोन्ही बाजू धरल्या. शेवटचा मधला घास मीठवालीनं तोंडात घातला, तेव्हा आई मोठ्यानं म्हणाली, "जेवली माझी पोर."

इकडे भिवराला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस गेला, दोन गेले. मग एका सकाळी ओल्मानं झाकण काढलं, आणि दह्यात सुवी जेवायला बसलेली दिसली. पुढ्यात दहीभात. ती एकेक घास सावकाश, डाव्या दाढेनं चावत होती. उजव्या गालावर मधून मधून हात दाबत होती. भिवराच्या आईची उजवी दाढ कित्येक वर्षं दुखायची, आणि काढून टाक म्हटलं तर ऐकायची नाही. भिवरा पुढं सरकली. सुवीनं आणखी एक घास घेतला. मग तिनं डावा हात वर नेला आणि डोक्यावरून पुढं ओढला. पुन्हा घास, पुन्हा हात डोक्यावर. सुवीच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. पदर तिनं जन्मात घेतला नव्हता. पण तिचा हात पदर सावरत होता.

भिवरा म्हणाली, "आई." आणि मग ती हसत होती की रडत होती, ते ओल्मालाही सांगता आलं नाही. सुवीनं ताट पुसून खाल्लं, अगदी आईसारखं, बोटानं, कडेपर्यंत.

मग भिवरानं डाव घेतला आणि आपल्या हातानं ते दही मोडलं. वाटीभर घरी नेलं. त्या दिवशी लिंबाजीला दहीभात मिळाला. त्यानं तीनदा मागून घेतला.

मग बर्फ वितळला. लिंबाजीनं विहिरी सांगितल्या, राजा खूश झाला, प्रजा पाणी प्यायली. भिवराला दोन लेकी झाल्या. दर आठवड्याला एकदा समुद्रावरची सुवी भिवराच्या आईसारखी जेवायची, आणि नथवाली मीठवाली भिवरासारखी. पुढं पुढं त्यांना ती सवयच लागली म्हणतात. आईची हाक मात्र त्या देशात कधी ऐकू आली नाही. ते दुखणं राहिलं. ते राहतंच. पण सगळी पोटभर जेवली, आणि तुम्हीआम्ही जगतो तशी बऱ्यापैकी सुखानं जगली.

झाली गोष्ट. झोपा आता. तिकडे गेल्यावर कुणी शेजारी काही मागायला आला, तर दिवा लागला असला तरी द्या. आणि काही अडलं तर मागा, लाजू नका. बाकीचे सल्ले तुमच्या आईकडे वहीभर आहेत.

निषाद झोपला वाटतं. पाय बघ कसे टाकलेत. तू का जागी, रेवा? माझ्याकडे काय बघतेस अशी?

"आजी, तू कशी जेवतेस ते मला आठवत नाहीये."

रोज समोर बसून जेवतेस की गं.

"पण मी कधी बघितलंच नाही. उद्या बघू?"

बघ हो. उद्या सकाळी बघ, दुपारी बघ, रात्री बघ. तीन जेवणं आहेत आपल्याकडे. आता डोळे मीट.